हलू नका

लाखनीच्या बसस्टँडमागे माझा स्टुडिओ :
निळा पडदा, एक स्टूल, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा.
सव्वीस वर्षं माणसांना एकच सांगत आलो,
खांदे सरळ. हनुवटी जरा खाली. हलू नका.
आणि माणसं हलत नाहीत.
श्वासही उसना आणल्यासारखा जपून धरतात.

कोसमटोलीच्या मच्छीमार सोसायटीची कार्डं काढायची होती.
तलावाच्या पाळीवर, मोहाच्या दोन झाडांमध्ये
मी चादर बांधली.
सत्तेचाळीस चेहरे दुपारपर्यंत उरकले.
अठ्ठेचाळिसावा फागो मारबते.

फागोची मान हलते.
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
काठाला बांधलेला डोंगा हलतो तशी नुसती हलते.
'हलू नका,' मी म्हणालो.
'मी कोटी हालतो जी,' फागो म्हणाला, 'थे हालते.'

सात वेळा काढला.
सातही वेळा दोन नाकं, चार भुवया.
मागच्या सालीही बँकेनं असाच परत केला होता म्हणे.
सेक्रेटरी दुधपचारे घड्याळ पाहून म्हणाले, एक राहू द्या.
फागो काही बोलला नाही.
जाळं खांद्यावर टाकून पाण्यात उतरला.

मी चादरीच्या गाठी सोडत होतो.
कमरेइतक्या पाण्यात त्यानं जाळ्याचा पदर कोपरावर चढवला,
उरलेला मुठीत, आणि शिशाच्या गोळ्यांची कड
दातात धरली.

मान थांबली.

साठवरची चकती मी हजारवर नेली.
त्या आकड्यापर्यंत माझं बोट कधी गेलं नव्हतं,
पासपोर्टला कशाला लागतो हजार?

पहिल्या फेकीला घाई केली : नुसता गुंडाळा.
दुसरीला उशीर : पाण्यावर वर्तुळं, पाठमोरा फागो.
तिसरीला माझाच हात हलला.
तो काही माझ्यासाठी फेकत नव्हता.
त्याला रोहू पाहिजे होता.

मग मी जाळ्याकडं बघणं सोडलं.
उजवा खांदा धरून ठेवला नजरेत.
आधी तो मागं जातो,
मग कमरेतून एक पीळ चढतो वर,
पाण्यातून चढतो बहुतेक, टाचांपासून,
आणि दात सुटतात.
दात सुटायच्या आधी दाबायचं.
दिसल्यावर दाबलं तर ते होऊन गेलेलं असतं.

चौथी फेक.

जाळं हवेत, पुरतं उघडलेलं.
गोळ्या मोजून घ्याव्यात, एकेकीला थेंब.
खाली पाण्यावर सावली पडलेली,
जाळं अजून पडायचं होतं.

ओल्या हातानं त्यानं कॅमेरा घेतला नाही,
वाकून पाहिलं.
चेहरा नाही पाहिला, आधी घेर पाहिला.
'डाव्या बाजूनं झोल रायला,' म्हणाला.
त्याची मान पुन्हा हलत होती. काचेतली हलत नव्हती.
'अन् मासोऱ्या?'
'जाळं अजून पडलं कुठं,' मी म्हणालो.
'मंग पडू द्या ना जी.'

काय सांगणार होतो?
मी बटण बंद केलं.

रात्री स्टुडिओत तेवढा चेहरा कापून घेतला.
आभाळ माझ्या पडद्याइतकंच निळं निघालं.
तोंड जरासं उघडं, ओठावर पाणी,
कोणीतरी हाक मारली आणि हा 'ओ' देणारच आहे असा.
कानाजवळून जाळ्याचा एक धागा जातो.
पुसता आला असता. ठेवला.

बँकेतल्या मुलीनं विचारलं म्हणे, ही रेघ कसली?
फागो काय बोलला ते कळलं नाही.
कार्ड मात्र मिळालं.

परवा त्या पाळीवरून आलो.
फागो आत, पाण्यात.
बंडी मोहाच्या फांदीला टांगलेली,
खिशात कार्डाचा कोपरा दिसत होता.
वारा होता. बंडी हलत होती.